बाळाचं नाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. "मंगलताई, तुमच्या आफ्रिकेतल्या सेवेबद्दल लिहा ना. लोकांना इतकं इन्स्पायरिंग वाटेल!"

सेवा! अहो, नोकरी होती ती. वर्षाला ठरलेली रजा, बँक हॉलिडे वेगळे आणि दर उन्हाळ्यात अप्रेझल. पण आमच्या मंडळात मी 'आफ्रिकेतल्या गरीब बाळांसाठी झिजलेल्या मंगलताई' आहे, आणि चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मला पुढची खुर्ची मिळते. लोकांच्या डोळ्यांसमोर काय चित्र असतं मला ठाऊक आहे. मी झाडाखाली उभी, कडेवर एक बाळ, पदराला दुसरं, मागे सूर्य मावळतोय. प्रत्यक्षात मी ब्रिस्टलमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून फॉर्म बनवत होते. खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसं. आम्ही तर उंटही ब्रिस्टलमध्येच बांधून ठेवला होता.

मूळची मी नर्स. नागपुरात शिकले, इथे येऊन मिडवाइफ झाले, म्हणजे साध्या भाषेत सुईण. वीस वर्षं दुसऱ्यांची बाळंतपणं करून पाठ गेली, तेव्हा या संशोधनाच्या नोकरीत शिरले. बसून करायचं काम म्हणून घेतलं, हे आता सांगायला हरकत नाही. मुलाखतीत मात्र मी 'ग्लोबल इक्विटी' असं काहीतरी म्हणाले होते.

आता धंदा समजावून सांगते, कारण मंडळातल्या आयटीवाल्यांना वाटतं आम्ही औषधं वाटतो. आम्ही काहीही वाटत नाही. आम्ही मोजतो. मलावी नावाच्या देशातल्या एका जिल्ह्यात, खेड्याखेड्यांत, काही बायकांना शिकवून तयार केलेलं होतं. गावात कुणी बाळंत झालं की त्या बाईने पहिल्या आठवड्यात तीनदा त्या घरी जायचं. ताणकाट्याला कापडाची झोळी अडकवून बाळाचं वजन करायचं, नाळ बघायची, बाळ दूध ओढतंय का, गार तर पडलं नाही ना, श्वास जोरात चालू आहे का ते बघायचं. काही बरं वाटलं नाही की आईला आणि बाळाला दवाखान्यात पोचवायचं. बस, एवढंच. यात कुठेही लेझर नाही, रोबो नाही. त्यामुळे वरच्या लोकांना त्यात फारसा रस नव्हता.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की या बायकांच्या भेटींऐवजी मोबाइलवर मेसेज पाठवले तर? बाळाला ऊब द्या, अंगावर पाजा, नाळेला काही लावू नका, असे मेसेज. आमचा अभ्यास हाच होता. निम्म्या गावांत भेटी चालू ठेवायच्या, निम्म्या गावांत भेटी बंद करून मेसेज सुरू करायचे, आणि तीन वर्षांनी बघायचं की बाळं कुठे जास्त गेली. होय, बाळं जाण्याची वाट बघायची आणि मोजायची. ऐकायला वाईट वाटतं, पण प्रत्येक औषध आणि प्रत्येक लस याच रस्त्याने तुमच्या घरी आलेली आहे. मोजणारा माणूस प्रामाणिक असला पाहिजे, एवढीच अट.

आमचे मुख्य होते प्रोफेसर ॲलिस्टर. एडिनबराचे, उंच, अत्यंत सभ्य. कुणाला 'मूर्ख' म्हणायचं झालं तर 'इंटरेस्टिंग' म्हणत. मला त्यांनी दहा वर्षांत बऱ्याच वेळा इंटरेस्टिंग म्हटलं. तिकडचं सगळं काम बघायची एस्तेर. तिशीची, तिथल्याच एका गावात राहणारी, मोटरसायकलवर जिल्हा पालथा घालणारी. तिच्या हाताखाली वीसएक मुली होत्या, त्या टॅबलेट घेऊन घरोघर जायच्या आणि माहिती भरायच्या. दर मंगळवारी एस्तेरचा आणि माझा व्हिडिओ कॉल असे. त्यात निम्मा वेळ तिचा चेहरा गोठलेला असायचा आणि मी गोठलेल्या चेहऱ्याला सूचना देत असायचे.

आणि ते टॅबलेटमधले फॉर्म माझे. माझी निर्मिती! आधीच्या एका अभ्यासात फार गोंधळ झाला होता. 'मेरीचं बाळ', 'ग्रेसचं बाळ', असल्या नोंदी. एकेका गावात पाच मेऱ्या. कुठलं बाळ कुणाचं, काही पत्ता लागेना. म्हणून या वेळी मी मीटिंगमध्ये ठासून सांगितलं, की बाळाचा फॉर्म उघडताना पहिल्यांदा बाळाचं नाव. सक्तीचं. नाव भरलं नाही तर लाल अक्षरांत सूचना येईल: बाळाचं नाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षाच्या शेवटी आमच्या माहितीत एकही रिकामा रकाना निघाला नाही. मला डेटा क्वालिटीचं सर्टिफिकेट मिळालं आणि चॉकलेटचा डबा मिळाला. सर्टिफिकेट मी स्वयंपाकघरात लावलं.

तीन वर्षांनी निकाल आला. भेटींची गावं आणि मेसेजची गावं यांत फरक शून्य! दोन्हीकडे बाळं फार कमी गेलेली. ॲलिस्टरना एवढा आनंद झाला की त्यांनी 'क्वाइट प्लीज्ड' असा शब्द वापरला. केक आला. निष्कर्ष सरळ होता. मेसेजने काम भागतं, भेटींची गरज नाही. तिकडच्या जिल्हा आरोग्य कचेरीने तर आमच्या शब्दावर पत्रकही काढलं, की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून घरभेटी बंद, बायकांनी आपापले ताणकाटे जमा करावेत. एडिनबरात मोठा समारंभ ठरला, त्यात ॲलिस्टर निकाल जाहीर करणार होते. मी त्याच महिन्यात रिटायर होणार होते. म्हणजे माझा कळसच झाला म्हणायचा.

एक गोष्ट तेवढी जरा खटकणारी होती. बऱ्याच गरोदर बायकांपुढे 'संपर्क तुटला' अशी नोंद होती. मेसेजच्या गावांत जास्तच. ॲलिस्टरनी त्यावर एक सुंदर परिच्छेद लिहिला, ग्रामीण भागातलं स्थलांतर, हंगामी मजुरी वगैरे. मी त्यातल्या स्पेलिंगच्या चुका काढून दिल्या.

याच सुमारास माझी मुलगी प्रज्ञा बाळंत झाली. प्रज्ञा ब्रिस्टलमध्ये जन्मली, वाढली. जावई टॉम विल्किन्स. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेले. नात गाढ झोपलेली. वॉर्डातली मिडवाइफ संगणकावर काहीतरी भरत होती.

"नाव ठरलंय का, माय लव्हर?" तिने प्रज्ञाला विचारलं. ब्रिस्टलमध्ये बसचा ड्रायव्हरसुद्धा 'माय लव्हर' म्हणतो, वाचकांनी दचकू नये.

"नाही अजून," प्रज्ञा म्हणाली. "बारसं व्हायचं आहे."

"काही घाई नाही," म्हणत तिने भराभर पुढचं सगळं भरून टाकलं. मी नातीच्या घोट्यावरची पट्टी बघितली. त्यावर होतं 'बेबी विल्किन्स' आणि खाली एक नंबर. नाव नाही, तरी नंबर आहे, वजन आहे, वेळ आहे. पोरगी जगाच्या वहीत आलीसुद्धा.

मी खुर्चीत बसले.

बारसं! मी नागपूरची बाई. आमच्या घरात बुद्धवंदना होते, पण बाराव्या दिवशी पाळणा सजतो आणि घुगऱ्या वाटल्या जातात, त्याशिवाय नाव पडत नाही. तोवर पोर म्हणजे नुसतं बाळ, नाहीतर ठकी, नाहीतर छकुली. अशी शेकडो बारशी जेवून आलेल्या बाईने फॉर्ममध्ये पहिल्या दिवसापासून नाव सक्तीचं केलं होतं! एखाद्या इंग्रजाने ही चूक केली असती तर मी मंडळात त्याच्यावर तासभर बोलले असते.

घरी येऊन एस्तेरला फोन लावला. मंगळवार नव्हता, म्हणून ती घाबरलीच.

"एस्तेर, तुमच्याकडे बाळाचं नाव कधी ठेवतात?"

"नाळ गळून पडली की, मॅडम. तोवर बाळाला बाहेर काढत नाहीत, नावही घेत नाहीत."

"आणि त्याआधीच बाळ गेलं तर?"

ती म्हणाली, "तर बायकाच जाऊन पुरून येतात. पुरुष जात नाहीत. मोठ्याने रडत नाहीत. त्यावर कुणी बोलत नाही."

"ते नाही विचारत मी. तुमच्या मुली फॉर्ममध्ये काय भरतात?"

"फॉर्म उघडतच नाही, मॅडम. नाव मागतो. मग मुली म्हणतात, पुढच्या महिन्यात येतो. पुढच्या महिन्यात बाळ नसतं. बाळाचा फॉर्म नाही म्हटलं की टॅबलेट एकच पर्याय दाखवतो."

"कुठला?"

"संपर्क तुटला."

म्हणजे ती बाई आपल्या दारात बसून मक्याचं पीठ चाळत होती, आमची मुलगी तिच्यासमोर उभी होती, आणि आमच्या मते त्या बाईचा संपर्क तुटला होता. ॲलिस्टर तिला हंगामी मजुरीला पाठवून मोकळे झाले होते. पहिल्या आठवड्यात गेलेलं एकही बाळ आमच्या माहितीत नव्हतं. आणि भेटी होत्या कशासाठी? पहिल्याच आठवड्यासाठी. मग फरक दिसेल कसा, कपाळ?

"अगं मग सांगायचं नाही का मला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"सांगितलं होतं, मॅडम," एस्तेर शांतपणे म्हणाली. "पहिल्याच महिन्यात ईमेल केली होती. तुमचं उत्तर आलं होतं."

मी ती मेल शोधून काढली. माझं उत्तर दीड ओळीचं होतं. कृपया मॅन्युअलचं पान अमुक बघावं. त्या पानावर, मी स्वतः लिहिलेलं, ठळक अक्षरांत होतं: रकाने रिकामे सोडू नयेत.

आता इथे मी लगेच झाशीची राणी झाले असं लिहिलं असतं तर संपादिकाबाईंना फार आवडलं असतं. मी झाले नाही. मी गप्प बसले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार दिवस. डिंकाचे लाडू केले, प्रज्ञा घरी आली तिची शेकशेगडी केली, आणि मनाशी म्हणत राहिले की मी तर निघालेच आहे, निरोपाचं कार्डसुद्धा आणून झालंय, कशाला घाण उकरायची. चौदा एप्रिलला मी भाषण करते बरं का, 'ज्यांची गणतीच झाली नाही अशा माणसांविषयी'. टाळ्या पडतात. मला लाज वाटत होती, पण लाज वाटणं आणि काही करणं यांत ब्रिस्टल ते मलावीएवढं अंतर असतं.

पाचव्या दिवशी इथली मिडवाइफ घरी आली. इथे येतातच, पहिल्या दिवसांत दोनतीनदा, वजनाचा काटा पिशवीत घालून. मी तिला चहा दिला, मीही मिडवाइफ होते हे दोनदा सांगितलं.

"किती गुणाची आहे ही," प्रज्ञा म्हणाली, "रडतच नाही. नुसती झोपते."

"आजीवर गेलीय," मी म्हणाले.

मिडवाइफ हसली नाही. तिने पोरीला खिडकीशी नेलं, कपडे काढले, पोटावर बोट दाबून बघितलं, काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला. मग म्हणाली, "हिला कावीळ वाढतेय, आणि दूध नीट ओढत नाहीये. म्हणून झोपते. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या. मी फोन करते."

वीस वर्षांचा अनुभव असलेली सुईण, डेटा क्वालिटीचं सर्टिफिकेट असलेली आजी, अशी मी पाच दिवस त्या पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. मला ती शांत वाटत होती. मायेच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर तिऱ्हाईत बाई यावी लागते. मोबाइलवर मेसेज आला असता, 'बाळाला ऊब द्या', तर मी आणखी एक दुपटं गुंडाळलं असतं.

नातीला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, होईल बरी. झाली बरी. आता ती इतकी रडते की शेजारी तक्रार करतात. पण त्या दुपारी वॉर्डाबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, तेव्हा मला दिसत होतं की एक तारखेला आठ दिवस उरलेत. आठ दिवसांनी तिकडे शेकडो बायकांच्या घरी कुणी येणार नाही, आणि ते माझ्या एका रकान्यामुळे. मी तिथूनच ॲलिस्टरना फोन केला.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दॅट्स इंटरेस्टिंग, मंगल."

"इंटरेस्टिंग नाही, चूक आहे. माझी चूक आहे."

"आपण ते लिमिटेशन्समध्ये घालू. एक परिच्छेद."

लिमिटेशन्स म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी एक भाग असतो, त्यात आपल्या अभ्यासात काय काय कमी पडलं ते लिहायचं असतं. घरातल्या माळ्यासारखा. मोडकं सामान तिथे टाकायचं, वर कुणी चढत नाही.

"अहो, पहिल्या आठवड्यात गेलेली बाळंच त्यात नाहीत," मी म्हणाले. "ही लिमिटेशन नाही. अभ्यासच नाही हा."

"समारंभ दहा दिवसांवर आलाय. आमंत्रणं गेलीत. नंतर शांतपणे दुरुस्ती प्रसिद्ध करता येईल."

"नंतर म्हणजे कधी?"

"सहा महिने, वर्ष. रिव्ह्यूवर अवलंबून."

"आणि ताणकाटे एक तारखेला जमा होणार."

त्यावर त्यांनी सभ्यपणे सांगितलं की ते तिकडच्या कचेरीच्या अखत्यारीतलं आहे. मी सभ्यपणे फोन ठेवला. मग एक ईमेल लिहिली. जिल्हा आरोग्य कचेरीला, ॲलिस्टरना, एस्तेरला, अभ्यासाच्या कमिटीतल्या झाडून सगळ्यांना. तिसऱ्या मजल्यावर अशी मेल म्हणजे भर पंगतीत पान उलटं करण्यासारखं असतं. त्यात लिहिलं की निकाल चुकीचा आहे, पहिल्या आठवड्यातले मृत्यू आमच्या फॉर्ममध्ये भरताच येत नव्हते, फॉर्म मी बनवला, फील्ड सुपरवायझरने पहिल्याच महिन्यात कळवलं होतं आणि मी तिला मॅन्युअल दाखवलं. कृपया भेटी बंद करू नयेत. एस्तेरची ती जुनी मेलही जोडली, म्हणजे उद्या खापर तिच्यावर फुटायला नको. दोनदा वाचली आणि पाठवून दिली.

दिवाळी अंकाच्या वाचकाला ताटकळत ठेवू नये, म्हणून काय झालं ते इथेच सांगून टाकते. समारंभ रद्द झाला. ॲलिस्टर माझ्याशी अजूनही सभ्यपणे बोलतात, म्हणजे बोलत नाहीत. पत्रक मागे घेतलं गेलं. बाद झालेल्या बाळांची पुन्हा मोजणी करायची ठरली, आणि ती झाल्यावर दिसायचं ते दिसलं. मेसेजच्या गावांत पहिल्या आठवड्यात बाळं जास्त गेली होती, चांगलीच जास्त. भेटी आजही चालू आहेत. माझा निरोप समारंभ झाला नाही, कार्ड मात्र पोस्टाने आलं. त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या आणि मजकूर कुणालाच सुचला नव्हता.

मोजणीसाठी रिटायर होण्याआधी मी स्वतः मलावीला गेले. इतक्या वर्षांत तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही खेपांना मी ट्रेनिंग द्यायला गेले होते, म्हणजे स्लाइड दाखवायला. या वेळी टॅबलेट नेला नाही. साधा कागदाचा फॉर्म बनवला. आणि एकदा ठेच लागलेली बाई मी, त्यातून नावाचा रकाना मुळातूनच उडवला. आई, गाव, मुलगा की मुलगी, किती दिवस, काय झालं. पाच रकाने. मला त्या फॉर्मचा फार अभिमान वाटत होता. खोड जात नाही ती अशी.

आता विचारायचं कुणाला, हा प्रश्न होता. आयांना विचारावं तर त्या बाळाबद्दल त्या बोलणार नाहीत. "आयांना विचारायचंच नाही," एस्तेर म्हणाली. "पुरायला ज्या म्हाताऱ्या जातात त्यांना विचारायचं. त्यांना सगळं माहीत असतं."

तसंच झालं. प्रत्येक गावात अशा दोनतीन आज्या. आम्ही चटईवर बसायचो, एस्तेर त्यांच्या भाषेत हळू विचारायची. पहिल्या गावातली आजी आधी माझ्याकडे बघून काहीतरी बोलली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, तीन वर्षं तुमच्या मुली या रस्त्याने जात-येत होत्या, मग मला आत्ता का विचारता?"

"सांग, आम्ही मूर्ख होतो म्हणून."

एस्तेरने सांगितलं. आजी पहिल्यांदा हसली. मग बोटाने एकेक घर दाखवत गेली. ते, त्याच्या पलीकडचं, विहिरीजवळचं, पुन्हा तेच विहिरीजवळचं. कोण कुठल्या महिन्यात, किती दिवसांचं, दूध ओढत होतं की नाही. एकही कागद नाही, आणि एकही रकाना रिकामा नाही. मी लिहीत होते. बाजूच्या अंगणात त्या घरांतल्या आया आपापली कामं करत होत्या, आमच्याकडे बघत नव्हत्या, आणि एकही उठून आत गेली नाही. ऐकत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी एस्तेरने मला कोपराने ढोसलं. तिथे त्या बाळांसाठी कुणी रडत नाही, आणि पाहुणीने तर मुळीच रडू नये.

असे बारा दिवस गेले. शेवटचं गाव एस्तेरचंच होतं. हेही मेसेजचंच गाव. दुपारी तिच्या घरी जेवलो. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, भोपळ्याच्या पानांची भाजी. तिची दोन मुलं शाळेत गेलेली. मी कागदांचा गठ्ठा नीट लावत होते.

"संपलं बाई एकदाचं," मी म्हणाले.

"एक फॉर्म राहिलाय, मॅडम," एस्तेर म्हणाली. "काढा."

मी कोरा फॉर्म काढला.

"आई: एस्तेर," ती म्हणाली. "गाव हेच. मुलगा. पाच दिवस. दूध ओढत नव्हता. झोपायचा नुसता."

माझं पेन थांबलं. गेल्या वर्षी जुलैत ती दोन मंगळवार कॉलवर आली नव्हती. 'घरगुती अडचण' म्हणाली होती. मी तिला माहिती उशिरा येतेय म्हणून स्मरणपत्र पाठवलं होतं. लाल झेंड्याचं चिन्ह लावून. नऊ महिने दर आठवड्याला मी तिचा फक्त चेहरा बघत होते.

"एस्तेर," मी म्हणाले, "अगं, मला कसं कळलं नाही..."

"लिहा, मॅडम."

मी लिहिलं. पाचही रकाने भरले. कागद तिच्यासमोर धरला, बरोबर आहे का बघायला. तिने वरपासून खालपर्यंत वाचला, मग उलटा करून मागची बाजू बघितली.

"नाव कुठे लिहायचं?"

"नाव लागत नाही आता," मी घाईघाईने म्हणाले. "तो रकाना मी काढून टाकला. नाव ठेवायच्या आधीच गेलेली बाळं ना ही."

"बाहेर कुणी घेत नाही नाव," एस्तेर म्हणाली. "आईने ठेवलेलं असतंच की, मॅडम. नऊ महिने ती दुसरं काय करते?"

मग तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पाचही रकान्यांवरून आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: चिसोमो. म्हणजे कृपा, तिने सांगितलं. मोठ्याने सांगितलं. मग पेनला टोपण लावून मला परत दिलं आणि ताटं उचलायला गेली.

रकान्यांबाहेर लिहिलेला फॉर्म बाद धरावा, असा माझ्याच मॅन्युअलमध्ये नियम आहे. तो फॉर्म मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. बाकीच्या फॉर्मांवर नाव नाही. ते विचारायला आता मला कुणी पाठवणार नाही.